खाली बघायचं नाही

बद्रीनाथ मास्तरांच्या हाताखाली गाडी शिकलेला माणूस शंभरांत ओळखू येतो. तो चालवताना पायांकडे कधी बघत नाही. समोरून उलटी रिक्षा येऊ दे, मागचा बसवाला कानठळ्या बसवू दे, मान काही खाली जाणार नाही. जाणार कशी? एकवीस दिवस मास्तरांनी कानीकपाळी ओरडून ठेवलेलं असतं, "खाली बघायचं नाही! पेडल काय पळून चाललंय? पायाला कळतं."

तरीही एखादी व्यक्ती बघायचीच. मग मास्तर शांतपणे विचारायचे, "घास तोंडात जातो का नाकात? का आरसा घेऊन बसता जेवायला?" समोरचा ओशाळायचा आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचा.

शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत हे ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर खुणांचा तक्ता, आणि बाहेर उभ्या दोन गाड्या. मास्तर तिथे अठ्ठावीस वर्षं आहेत. आले तेव्हा ते परभणीकडच्या खेड्यात जीप चालवलेले तरुण होते. पेठेत आल्यावर पहिली दोन वर्षं 'हाय'चं 'आहे' करण्यात गेली. मग इथल्या लोकांसारखं टोचून बोलायलाही शिकले, आणि ते मात्र फारच लवकर जमलं.

ज्यांनी गाडी शिकताना स्कूलची गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या गाडीत डाव्या सीटपुढेही पेडल असतात, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपण चालवतोय. वाटू द्यावं. खरं तर पहिले दहा दिवस गाडी मास्तरांचे दोन पाय चालवत असतात. म्हणूनच मास्तर बूट घालत नसत. "बूट घातला की पाय बहिरा होतो," म्हणायचे. बारा महिने साधी पट्ट्याची चप्पल, आणि ऐन थंडीतसुद्धा तीच.

ऑटोमॅटिक गाडीचं नाव काढलं की मास्तर नाक मुरडायचे. "ती गाडी नव्हे, पाळणा आहे. आपण बसायचं, झोका दुसऱ्याने द्यायचा." स्कूलचे मालक वारले आणि स्कूल त्यांच्या मुलाच्या, आमोदच्या हातात आलं. हिंजवडीला जाणारी तरुण मंडळी फोनवर पहिला प्रश्न 'ऑटोमॅटिक आहे का' असाच विचारायची, म्हणून आमोदने एक ऑटोमॅटिक घेतली. मास्तर तिच्यात बसलेसुद्धा नाहीत. ती दुसऱ्या मास्तरांकडे, संपतकडे गेली. नव्या गाडीचे पेढे वाटत असताना मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "देवाने दोन पाय दिलेत, तर माणसाने एका पायाने गाडी का चालवावी?" सगळे हसले होते. पण बोललेलं कुठे जात नाही हो, फिरून घरीच येतं.

मार्चमधली गोष्ट. दुपारी साडेबाराला मास्तर जेवायला निघाले होते. कोपऱ्यावर बायडाबाई फुलांची टोपली घेऊन बसते, तिने हाक मारली.

"ओ मास्तर! नवस बोललाय का काय? एकच पाय अनवाणी?"

मास्तरांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता. मागे वळून पाहिलं तर चप्पल पार तिकडे, झेरॉक्सच्या दुकानापुढे उताणी पडलेली. तीस-पस्तीस पावलं ते तसेच चालत आले होते. डांबर असं तापलेलं की बायडाबाई स्वतः पोत्याची दुहेरी घडी करून त्यावर बसली होती. आणि मास्तरांच्या तळव्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"घाईत सुटली," म्हणत मास्तर हसले, परत गेले, चप्पल घातली.

घरी बायकोने, मुक्ताईने, पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवलं. मास्तरांनी दोन्ही पाय बादलीत घातले. उजवा चटका बसून झटक्यात बाहेर आला. डावा आतच राहिला, आरामात.

"अहो! उकळतंय की पाणी!" मुक्ताई ओरडली. "पाय हाय का लाकूड?"

"बरं वाटतंय," मास्तर म्हणाले. खोटं बोलताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

ती बाजारात गेल्यावर त्यांनी शिवणाच्या डब्यातली सुई काढली. उजव्या पायाला टोचली, चुरचुरलं. जिवात जीव आला. डाव्याला टोचली. रक्ताचा थेंब वर आला, पण सुई जणू दुसऱ्याच कुणाच्या पायात गेली होती. साखर आहे हे सात वर्षांपासून माहीत होतं. गोळी आठवली तर घ्यायची, आणि चहा मात्र दिवसाला आठ, शिकणाऱ्यांनी प्रेमाने पाजलेले. 'नाही' म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, हे त्यांचं कारण. आता त्यांचं त्यांनाच वाईट वाटायची वेळ आली.

डॉक्टरकडे जावं की नाही? डॉक्टर म्हणणार गाडी सोडा. गाडी सोडली तर बद्रीनाथ मास्तर उरले कुठे? त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं. आमोदला कळलं तर सीटवरून उतरावं लागणार. नाही कळलं तर एखाद दिवशी त्यांच्या पायाखालचं पेडल चुकणार आणि कुणीतरी चाकाखाली येणार. दोन्हीकडून मरण. मास्तर रोज सकाळी सहाला गाडीत बसायचे तेव्हा त्यांचं काळीज पाखरासारखं फडफडत असायचं, आणि वरून तेच शांत, टोचरं बोलणं चालू असायचं.

असे पंधरा दिवस गेले आणि श्यामलाताई शिकायला आल्या. वय एकसष्ट, नवी पेठेत राहणाऱ्या, कॉलेजच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी फार घाबरट आहे, सर. आधीच सांगून ठेवते."

"घाबरट माणूस कुणाला उडवत नाही," मास्तर म्हणाले. "शहाणे उडवतात." मग त्यांनी आपला पहिला नियम सांगितला. "काहीही होऊ दे. कुत्रं आडवं आलं, आभाळ कोसळलं, तुमची बुद्धी बंद पडली, तर एकच करायचं. डावा पाय दाबायचा. डावीकडे क्लच आहे. तो दाबला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटला. पुढचं ब्रेकचं मी बघतो. घाबरलात की काय दाबायचं?"

"डावा पाय."

"रोज झोपेतून उठल्यावर म्हणत जा."

ताई खरोखरच म्हणत असाव्यात, कारण काही झालं की त्यांचा डावा पाय आधी हलायचा आणि किंचाळी नंतर यायची. शिकायला बऱ्या होत्या. त्यांच्या यजमानांची गिअरची गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी होती, आणि तीच चालवायची असा ताईंचा हट्ट होता.

तिसऱ्या दिवशी सिग्नलला उभे असताना मास्तरांनी सहज विचारलं, "साहेब का नाही चालवत?" नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

"यांचा पाय काढला हो, सर. डावा. घोट्याच्या वर."

"अपघात?"

"छे! चप्पल." ताईंनी समोर बघतच सांगितलं, कारण मास्तरांचा नियम. "एकदा रस्त्यात यांच्या पायातली चप्पल निघून गेली. यांना कळलंच नाही, तसेच घरी आले. आम्ही किती हसलो! सगळ्या सोसायटीत सांगितलं. साखरेने पाय मेला होता, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मग कधीतरी खिळा लागला, तोही कळला नाही. मोज्याला वास यायला लागला तेव्हा बघितलं. डॉक्टर काय म्हणाले माहितीये? पायाला कळेनासं झालं की डोळ्यांनी बघायचं. रोज, खाली वाकून बघायचं. आणि आम्ही बघितलंच नाही."

मागून भोंगे वाजायला लागले.

"सर, हिरवा झाला."

मास्तरांचा डावा पाय त्यांच्या पेडलवर होता, की नव्हता? मग अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बद्रीनाथ मास्तरांनी शिकवताना खाली बघितलं. पाय क्लचच्या शेजारी, चटईवर होता. त्यांनी तो बघत बघत उचलून पेडलवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

त्या दिवसानंतर मास्तरांच्या मागे चप्पल लागली. चालताना दर दहा पावलांनी पायांकडे नजर जायची. भर रस्त्यात दोनदा गिअर किंचाळला, कारण क्लच दाबल्यासारखा वाटला आणि दाबलाच नव्हता. "गाडी जुनी झाली," मास्तर म्हणाले. बिचारी गाडी, तिला कुठे बोलता येतंय!

आणि मग एका सकाळी, चहाचा कप हातात असताना, त्यांना सुटकेची वाट दिसली. समोरच उभी होती, पांढरी, धुतलेली. ऑटोमॅटिक. तिच्यात क्लच नसतो. डाव्या पायाला कामच नसतं. मास्तरांच्या बाजूला एकच पेडल, ब्रेकचं, आणि ते उजव्या पायाचं. उजवा तर शाबूत आहे! पण मागायची कशी? पाळणा म्हणून हिणवलेली गाडी आपणहून मागितली तर आमोद विचारणार, काका, काय झालं? म्हणजे कुणाच्या तरी खांद्यावरून मागावी लागणार. खांदा तयार होता.

नवव्या दिवशी श्यामलाताईंनी पुलाच्या चढावर, पुढे बस आणि मागे टेम्पो असताना, अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरली आणि एक बोटभरसुद्धा मागे न जाऊ देता वर काढली. बाई आनंदाने लाल झाल्या होत्या. मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"ताई, तुम्ही ऑटोमॅटिक घ्या."

"का?" त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हीच म्हणाला होतात ना, पाळणा आहे म्हणून?"

"ते तरुण पोरांना. तुमच्या वयाला गिअर झेपायचा नाही."

"मला वाटलं होतं, जमतंय."

"वाटणं वेगळं, जमणं वेगळं."

ताई थोडा वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत बसल्या. "मग यांची गाडी विकावी लागेल. दोन-दोन गाड्या कुठे ठेवणार? यांचा फार जीव आहे हो तिच्यावर. पाय गेला तरी रोज खाली जाऊन पुसतात, कुबडी टेकवून ठेवून."

"विका," मास्तर म्हणाले.

तो शब्द तोंडातून गेला आणि मास्तरांना स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. पण लाज संध्याकाळपर्यंत निवते. भीती मात्र सकाळी तुमच्याआधी उठून बसलेली असते.

आमोदला त्यांनी सांगितलं, "ताई फार घाबरतात. संपत त्यांच्यावर ओरडेल. मीच बसतो त्यांच्याबरोबर."

"काका, तुम्ही? पाळण्यात?" आमोद हसला. लहानपणापासून मास्तरांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरलेला मुलगा, त्याला खरंच आनंद झाला होता. "मग सगळ्याच बॅचला तीच घ्या. संपतला गिअरची देतो."

झालं! इतकं सोपं होतं. मास्तरांनी त्या दिवशी महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

पण ऑटोमॅटिकमध्ये पहिल्याच वळणाला ताईंचा डावा पाय सवयीने दाणकन आपटला. डावीकडे क्लच नव्हताच, होतं ते ब्रेकचं रुंद पेडल. गाडी जागच्या जागी थिजली आणि दोघांच्या छातीला पट्टे काचले.

"ताई! इथे डाव्या पायाचं काही काम नाही. तो मागे घ्या, सीटखाली घाला. डावा पाय मेला असं समजा!"

हे वाक्य ऑटोमॅटिक शिकवणारा प्रत्येक मास्तर म्हणतो, त्यात नवं काही नाही. पण ते त्या गाडीत पडलं आणि दोघांनाही लागलं. ताईंच्या डोळ्यांपुढे घरातला पाय आला असावा. मास्तरांच्या डोळ्यांपुढे त्यांचा स्वतःचा.

दोन दिवसांनी ताई म्हणाल्या, "सर, एक विचारू? तुम्ही खाली का बघता?"

"मी? कुठे?"

"सारखं बघता. आम्हाला तर बघू देत नाही."

"नवी गाडी आहे माझ्यासाठी," मास्तर म्हणाले. त्याच सकाळी त्यांनी पुन्हा सुई काढली होती. उजव्या पायाला टोचली होती. महिन्यापूर्वी चुरचुरलं होतं तिथे आता नुसतं कुणी बोट ठेवल्यासारखं वाटलं. कातडी जाड झाली असेल, चपलेने होते, असं त्यांनी मनाला समजावलं. मन ऐकत नव्हतं. मग त्यांनी सुई डब्यात ठेवली आणि डबा फळीवर वर सारला, मुक्ताईचा हात पोचणार नाही इतका वर. माणूस घाबरला की काय काय करतो, विचारू नका.

ताई पुढे म्हणाल्या, "यांच्या गाडीला गिऱ्हाईक आलंय, सर. रविवारी घेऊन जाणार. हे काही बोलले नाहीत. कालपासून गाडी पुसायला मात्र गेले नाहीत."

मास्तरांच्या जिभेवर आलं होतं, विकू नका. गिळून टाकलं.

मग गुरुवार उजाडला.

सकाळचे सात वाजले होते. सदाशिव पेठेतल्या शाळेच्या गल्लीत पोरींनी भरलेली व्हॅन उभी होती. ताई हळू, अगदी हळू, ब्रेकवर पाय ठेवून गाडी सरकवत होत्या. व्हॅनच्या पुढून एक दुसरी-तिसरीतली मुलगी बाहेर आली. तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत नेमकी गाडीपुढे आली. मुलगी बाटलीमागे आली आणि वाकली. आता बॉनेटच्या वर फक्त तिच्या वेणीची लाल रिबीन दिसत होती.

"अगं बाई!" ताई ओरडल्या, आणि त्यांचा उजवा पाय घाबरून ब्रेकवरून सरकला तो थेट अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी गुरगुरली आणि पुढे झेपावली.

मास्तरांनी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. पायातलं होतं नव्हतं ते बळ त्यांनी लावलं, आणि पेडल अर्ध्यातच अडलं. खाली दगड असावा तसं. गाडी थांबेना. रिबीन दिसत होती. ती आता दिसेनाशी होणार, एवढंच त्यांना कळत होतं. अठ्ठावीस वर्षं ज्या क्षणाला ते भ्यायले होते तो हाच.

आणि गाडी थांबली. दाणकन, जागच्या जागी. पट्टे काचले, डॅशबोर्डवरचा गणपती खाली पडला.

क्षणभर काहीच हललं नाही. मग बॉनेटपलीकडून ती रिबीन वर आली. मुलीने बाटली पुसली, काचेतून दोघांकडे नाराजीने बघितलं आणि म्हणाली, "हॉर्न तरी वाजवायचा ना!" आणि शाळेत निघून गेली. शेवटी पेठेतली मुलगी ती!

व्हॅनवाला धावत आला होता. त्याने मास्तरांच्या खिडकीत हात घालून खांदा दाबला. "मास्तर, काय ब्रेक मारलात! तुम्ही होतात म्हणून वाचली पोरगी."

ताई रडायला लागल्या होत्या. "सर, माझा पाय चुकला... माझा पाय चुकला हो. तुम्ही नसतात तर..."

मास्तरांनी खाली बघितलं.

त्यांचा उजवा पाय उघडा होता. चप्पल निघून ब्रेकच्या पेडलखाली आडवी अडकली होती, आणि त्या अडकलेल्या पेडलवर त्यांचा अनवाणी तळवा अजून जीव खाऊन दाबत होता. अंगठ्याचं नख उलटून रक्त आलं होतं. दुखत नव्हतं. उजवा पाय. शाबूत असलेला पाय.

मग त्यांची नजर पलीकडे, ताईंच्या पायांकडे गेली. ताईंचा डावा पाय ब्रेकच्या रुंद पेडलवर पक्का रोवलेला होता. मेला असं समजायला सांगितलेला. घाबरलात की काय दाबायचं? डावा पाय. बाईंनी क्लच समजून दाबला होता, क्लच नसलेल्या गाडीत. चूकच होती ती. त्या चुकीने मुलगी जिवंत होती.

कुणालाच कळलं नव्हतं. व्हॅनवाला चार लोकांना सांगत होता, ताई हात जोडत होत्या. मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. चप्पल पायात सरकवायची, 'होतं असं कधी कधी' म्हणायचं, संध्याकाळी आमोदने पेढे आणले असते. आणि उद्या सकाळी पुन्हा याच सीटवर बसायचं होतं. उद्याच्या गाडीपुढे कोण वाकणार होतं कुणास ठाऊक.

"ताई, गाडी पार्किंगला टाका. हं. आता पाय सोडा." मास्तर म्हणाले. "मी नाही मारला ब्रेक."

"म्हणजे?"

"तुम्ही मारलात. डाव्या पायाने. माझा लागलाच नाही." त्यांनी खाली बोट दाखवलं. "मला कळलंच नाही, ताई. चप्पल कधी निघाली ते."

ताईंनी वाकून बघितलं. चप्पल बघितली, रक्त बघितलं. त्यांचं रडणं एकदम थांबलं. त्या बाईला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"दोन्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"डावा आधी. उजवा आता." आणि मग तोंडाचा बांध फुटल्यासारखे मास्तर बोलत सुटले. "तुम्हाला गिअर झेपत होता. त्या चढावर तुम्ही जी गाडी धरलीत ती माझ्या निम्म्या पोरांना धरता येत नाही. मी खोटं बोललो. माझ्या पायाला क्लच नको होता, म्हणून तुम्हाला ऑटोमॅटिक घ्यायला लावली. साहेबांची गाडी विकू नका. माझ्यापायी विकू नका."

ताई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. रागावल्याही. खिडकीबाहेर बघत बसल्या. मास्तरांनी तेवढ्यात फोन काढला आणि आमोदला लावला.

"आमोद, संपतला घेऊन ये. गाडी न्यायला."

"काय झालं काका? गाडीला काय झालं?"

"गाडीला काही नाही रे. मला झालंय." ते म्हणाले. "माझ्या पायांना कळत नाही. महिना झाला. तुझ्यापासून लपवलं मी. आजपासून त्या सीटवर मला बसवू नकोस. मी मागितलं तरी बसवू नकोस."

फोन ठेवला तेव्हा ताईंनी पेडलखालची चप्पल ओढून काढली होती. रुमालाने अंगठा बांधला. घट्ट बांधला की सैल, मास्तरांना समजलं नाही.

"यांचे डॉक्टर साडेनऊला येतात," त्या म्हणाल्या. "आपण आधीच जाऊन बसू. वहिनींना तिथे बोलावून घ्या."

"मला भीती वाटते, ताई."

"वाटणारच. यांनाही वाटत होती. बोलले नाहीत." त्यांनी दार उघडलं. "तुमच्यावरचा राग मी रविवारी त्या गिऱ्हाइकाला परत पाठवल्यावर काढीन. उतरा."

आमोद आणि संपत आले, संपतने मुकाट्याने किल्ली घेतली. आमोद मास्तरांचा हात धरून म्हणाला, "जा काका, मी येतोच मागून."

रिक्षास्टँड कोपऱ्यावर होता. ताईंनी मास्तरांच्या कोपराला धरलं आणि दोघं निघाले. मास्तर जन्माच्या सवयीने मान ताठ ठेवून, समोर रस्त्याकडे बघत चालायला लागले. चार पावलं झाली असतील, ताई थांबल्या.

"समोर काय बघताय?" आवाज अगदी मास्तरांचाच होता, टोचरा. "समोरचं मी बघते. तुम्ही खाली बघायचं."

बद्रीनाथ मास्तरांनी मान खाली घातली. एक पाय टाकला, बघितला. दुसरा टाकला, बघितला. तसे ते रिक्षापर्यंत गेले.